ॲनिमेत कादंबरी निम्मीच का उरते?

मंडळी, आपल्या घराघरांत मुलांना जपानी ॲनिमेचे वेड आहे. मूळ कादंबरी वाचलेली मुले मात्र कुरकुरतात, "पुस्तकातलं निम्मं गाळलंय!" तक्रार खरी आहे, पण त्यामागे साधा हिशेब आहे.

कुगाने मारुयामा यांच्या 'ओव्हरलॉर्ड'चे पहिले तीन खंड २०१५ साली १३ भागांत बसवले गेले. एक भाग सुमारे २४ मिनिटांचा. दोन गाणी वजा जाता २१ उरतात. म्हणजे एका खंडाला जेमतेम दीड तास! मग लढाया राहतात. जादूचे नियम, राज्यांचे राजकारण आणि जुना इतिहास यांना कात्री लागते. शिवाय यातला नायक बाहेरून बलाढ्य राजा, आतून गोंधळलेला नोकरदार. पुस्तकात तो पानेच्या पाने मनाशी बोलतो. पडद्यावर तेवढे चालत नाही.

पैशाचीही बाजू आहे. खर्च बहुधा अनेक कंपन्यांची समिती उचलते. इथे त्यात कादोकावा हा प्रकाशकच होता. मालिका पाहून पुस्तके खपली की त्याचा फायदाच!

उलट नाहोको उएहाशी यांच्या 'मोरिबितो'च्या पहिल्या एकाच पुस्तकाला २००७ साली २६ भाग मिळाले, आणि तिथले जग सावकाश उलगडले.

म्हणून आम्ही सुचवतो, मालिका आवडली की मुलांच्या हाती पुस्तकही द्या. 'ओव्हरलॉर्ड' हिंसक आहे, लहानांसाठी नव्हे. 'मोरिबितो' मात्र इंग्रजीत मिळते, आणि आईबाबांनीही वाचावे असे आहे.