वाचकाला काय विचारायचे?

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. कोणते बटण किती वेळा दाबले गेले, हे मोजणारा कोड मी स्वतः लिहिला आहे. मोजणे सोपे असते. त्या आकड्याला किती किंमत द्यायची, हे मात्र कंपनी ठरवते.

फेसबुकने ती ठरवली होती. २०१७ पासून तिथे साध्या 'लाइक'ला एक गुण असेल, तर रागावलेल्या चेहऱ्यासकट इतर इमोजींना पाच गुण होते. गुण जास्त, तर पोस्ट जास्त लोकांपुढे. राग खेचणाऱ्या पोस्टमध्ये खोटी माहिती आणि निकृष्ट बातम्या जास्त असतात, हे कंपनीच्याच तज्ज्ञांनी २०१९ मध्ये दाखवले. रागाचे गुण शून्यावर आले ते सप्टेंबर २०२० मध्ये. आतली कागदपत्रे बाहेर आली म्हणून २०२१ मध्ये हे आपल्याला कळले.

एप्रिल २०२० या तारखांच्या मधोमध येतो. तबलीगी जमातीच्या निमित्ताने 'कोरोना जिहाद' हे शब्द सगळीकडे फिरत होते. आपल्यातले कितीतरी जण, आणि मीही, खोट्या व्हिडिओखाली चिडून उत्तरे लिहीत होतो. आपण खंडन करतोय असे वाटत होते. यंत्राच्या हिशेबात आपण त्या पोस्टचे वजन वाढवत होतो. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावर बोट ठेवले. तो निकाल आपण किती जणांना पाठवला? मी दोघांना. व्हिडिओ मात्र डझनभर गटांत टाकला होता, 'बघा, किती खोटे' असे लिहून.

पत्रकारांवरही हाच आकडा बसला आहे. बातमीखाली 'तुम्हाला काय वाटते? कमेंटमध्ये सांगा' असे लिहायचे आणि भांडण लागले की वाचक जोडला गेला असे समजायचे. आपली समाजाची पानेही यातून सुटलेली नाहीत.

पण २०१६ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'चे डेव्हिड फॅरनथोल्ड यांनी ट्विटर वेगळ्या कामाला लावले. डोनाल्ड ट्रम्प यांनी दानधर्म केल्याचा दावा खरा आहे का, हे तपासताना ते एकेका संस्थेला फोन करत. कोणाला विचारले, काय उत्तर आले, याची हाताने लिहिलेली यादी फोटो काढून सगळ्यांपुढे ठेवत आणि आणखी कोणाला विचारू, असे वाचकांना विचारत. ट्रम्प फाउंडेशनच्या १० हजार डॉलरनी घेतलेले ट्रम्प यांचेच एक चित्र कुठे आहे, असेही त्यांनी विचारले. एका वाचक बाईंनी प्रवाशांनी टाकलेले फोटो चाळून ते शोधले: फ्लोरिडातल्या ट्रम्प यांच्याच रिसॉर्टमधल्या बारच्या भिंतीवर. या वार्तांकनाला २०१७ चे पुलित्झर मिळाले. पुढे ते फाउंडेशन बंद झाले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ट्रम्प यांना २० लाख डॉलर भरायला लावले.

इथे वाचकाला मत विचारले नव्हते. त्याला ठाऊक असलेली किंवा शोधता येईल अशी गोष्ट विचारली होती, आणि पत्रकाराने आधी स्वतःची वही उघडून दाखवली होती.

आपल्याकडे एक अडचण जास्त आहे. शाळेविरुद्ध किंवा रेशन दुकानदाराविरुद्ध नावानिशी जाहीर कमेंट करणारी आई उद्या त्याच दारात उभी राहणार असते. म्हणून प्रश्न उघडपणे विचारावा, उत्तर खासगीत घ्यावे आणि नाव तिने सांगितले तरच छापावे. 'आकडे' यामुळे पडतील. पडू देत.

सुरुवात या अंकापासून करतो. केंद्र सरकारने २०२२-२३ पासून पहिली ते आठवीच्या मुलांची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद केली. त्या बातमीवर आमच्याकडेही रागाचे चेहरे भरपूर आले आणि आम्ही तिथेच थांबलो, ही आमची चूक. ज्यांच्या घरात तेव्हा असे मूल होते, त्यांनी आम्हाला खासगी संदेशात कळवावे: मूल तेव्हा कितवीत होते, आधीच्या वर्षी किती रक्कम मिळाली होती, आणि ती बंद झाल्यावर तुम्ही कोणता खर्च थांबवलात?