जागा दर्शनी, अक्षर कुठे?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपण शिबिरांतून समजावून सांगतो. त्यातलं कलम १९ मात्र बहुतेक वेळा घाईत उरकलं जातं. छळ केल्यास काय शिक्षा होते ते आणि अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश, या दोन गोष्टी मालकाने दर्शनी जागी लावल्याच पाहिजेत, असं हे कलम सांगतं. दर्शनी जागा कुठली यावर वाद घालता येतो. अक्षर केवढं यावर घालता येत नाही, कारण कायद्यात ते लिहिलेलंच नाही.

शिवणकामाच्या एका कारखान्यात मी हा आदेश पाहिला. हजेरीच्या यंत्राशेजारी, म्हणजे जागा अगदी दर्शनी! मजकूर इंग्रजी, झेरॉक्सची झेरॉक्स, टाइप बारा पॉइंटचा. बारा पॉइंट म्हणजे सगळं मिळून सव्वाचार मिलिमीटर; रांगेत उभ्या असलेल्या बाईला भिंतीवर कागद आहे एवढंच दिसतं. त्याच भिंतीवर महिन्याच्या उत्पादनाचं लक्ष्य वीतभर उंचीच्या जाड मराठी अक्षरांत रंगवलेलं होतं. जाड अक्षराने काय साधतं हे व्यवस्थापनाला पक्कं ठाऊक असतं.

सरकारला अक्षर मोजता येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. ‘धूम्रपान मनाई’चा फलक किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा हवा, असं २००८ चे नियम सांगतात. सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा २०१६ पासून ८५ टक्के जागा व्यापतो. पाकीटबंद मालाचे २०११ चे नियम तर बिस्किटाच्या पुड्यावरच्या माहितीचं अक्षर एक मिलिमीटरपेक्षा लहान चालणार नाही, इतकं बारीक पाहतात. आणि दुकानाच्या पाटीवरचं मराठी अक्षर इतर भाषांपेक्षा लहान नको, हे महाराष्ट्राने २०२२ मध्ये कायद्यात घातलं. बाईने तक्रार कुणाकडे करायची, या माहितीच्या अक्षराला मात्र किमान उंची नाही. सोनोग्राफी केंद्रातल्या गर्भलिंगाबाबतच्या सूचनेचीही तीच गत. ती इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत ‘ठळकपणे’ लावा, असं नियम १७ सांगतो. ठळक म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं!

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, टाइपचा विचार हा जाहिरातवाल्यांचा चोचला आहे, आपला मजकूर महत्त्वाचा. मला हे मुळीच पटत नाही. मजकूर पोचतो तो अक्षरावर बसूनच. आणि आज ते अक्षर फुकट मिळतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ हा टाइप घ्या. (नाव ऐकलं की मला १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिणारी मुक्ता साळवे आठवते.) युनिकोडमधला, खुल्या परवान्याचा, अगदी बारीकपासून अतिजाडपर्यंत सात वजनांचा. अशा टाइपला सॅन्स-सेरिफ म्हणतात. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकाला असणारं शेपूट. देवनागरीला ते नसतंच, त्यामुळे आपल्याकडे या नावाचा अर्थ एवढाच, की बोरूने लिहिल्यासारखा जाड-बारीक चढउतार नाही, रेघ सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची. म्हणूनच ती लांबून दिसते आणि वाईट झेरॉक्समध्येही टिकते. बोरूच्या वळणाच्या टाइपातली बारीक रेघ पहिल्याच प्रतीत तुटते.

पण जाड म्हणजे सरसकट चांगलं, हेही खरं नाही. रेघ जाड होते तशी अक्षराच्या पोटातली पोकळी आक्रसते. ‘ख’, ‘झ’, ‘क्ष’, ‘द्ध’ बुजायला लागतात, अनुस्वार मात्रेला चिकटतो, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. याच संस्थेचा ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की पोटात पोकळीची नुसती रेघ उरते. मिठाईच्या दुकानावर तो शोभतो. त्यात कलम आणि फोन नंबर छापला तर नुकतीच वाचायला शिकलेली बाई पहिल्या जोडाक्षरालाच थांबेल. तिला मध्यम जाडीचं, मोठं, ओळींत ऐसपैस जागा सोडलेलं अक्षर लागतं.

आणि हे फक्त मालकांना ऐकवून भागणार नाही. चळवळीची पत्रकं समोर मांडून पाहा. घोषणा जाड, संघटनेचं नाव जाड, पाहुण्यांची नावं जाड. मदतीचा १८१ हा क्रमांक तळाशी मुंगीएवढा. मोर्चात घोषणा मोठी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण जे पत्रक बाई पदरात लपवून घरी नेते, त्यात जाड काय असावं? रात्री मार खाल्ल्यावर तिला घोषणा शोधायची नसते.

आपली मागणी अशी असायला हवी: कलम १९ खालच्या फलकाचा आकार, अक्षराची किमान उंची आणि जाडी नियमांत लिहा. भाषाही लिहा, कामगार बायका जी वाचतात ती. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन फलकावर सर्वांत मोठ्या अक्षरांत. या कायद्याचं पालन न केल्यास कलम २६ खाली पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. न वाचता येणारा आदेश हा न लावलेलाच आदेश मानावा, असं जिल्हा अधिकाऱ्यांना निवेदनात स्पष्ट लिहून द्या. सोबत त्या भिंतीचा फोटो जोडा, बाई रांगेत जिथे उभी राहते तिथून काढलेला.