सुटीतील प्रवास व कॅथलिक देवळे

भिवपुरीहून दादरास गाडी बदलून वसईस आप्तांकडे जाणाऱ्या आमच्या काही प्रॉटेस्टंट कुटुंबांत एक जुनी रीत आहे: कॅथलिक देवळावरून जावयाचे, परंतु आत पाऊल ठेवावयाचे नाही. ही रीत आता मोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आत मूर्ती असतात, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पण पाहणे म्हणजे पूजणे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा होऊ लागला. वसईस मुलांस प्रभूची प्रार्थना मराठीतच ऐकू येईल. आणि मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र गाणारे फादर स्टीफन्स कोण होते? कॅथलिकच. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. केरीसाहेबांचे मराठी मत्तयकृत शुभवर्तमान निघाले १८०५ साली!

वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर मरण पावले. आमच्या किती विद्यार्थ्यांस हे नाव सांगता येईल? चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तेथील देवळांच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतील एक म्हणून सांगितली जाणारी घंटा भीमाशंकरी आहे. खांडसचा घाट चढून ती पाहावयास आमची मुले हौसेने जातात, कोणी अडवीत नाही. मग ती जेथून आली तेथील देवळांचा उंबरा तेवढा वर्ज्य का?

उपासना चालू असल्यास मागील बाकावर शांत बसावे. पवित्र भाकर घेण्यास मात्र पुढे जाऊ नये. तो यजमानांचा नियम आहे. घरी आजीबाई रागावल्यास आमचे नाव सांगावे.