व्यापारास उपयुक्त मोबाईल : अँड्रॉइड कीं आयफोन?

आपल्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण पुढें वडिलांच्या दुकानांत अगर एखाद्या पेढीवर बसतात. पूर्वीं अशा तरुणास रोजकीर्द व खतावणी लिहितां आली म्हणजे पुष्कळ होत असे. आतां त्याच्या हातीं प्रथम स्मार्टफोन येतो. गिऱ्हाइकांचे पत्ते, उधारी, मागणीचे निरोप व पैशांची देवघेव हें सर्व त्या एका यंत्रांत सांठविलेलें असतें. सबब तें कोणत्या प्रणालीचें घ्यावें हा प्रश्न हौसेचा नसून, इतरांनीं आपणांवर टाकलेल्या विश्वासाचा आहे.

बाजारांत आज मुख्यतः दोन प्रणाली उरल्या आहेत. ॲपलचा आयफोन २००७ सालीं निघाला. गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ सालीं विक्रीस आला. ॲपल कंपनी यंत्र व प्रणाली दोन्ही स्वतःच्या हातीं ठेविते. अँड्रॉइडची मूळ रचना खुली असल्यामुळें अनेक कारखानदार ती आपापल्या यंत्रांत घालतात. बहुतेक गुणदोषांचें मूळ या एका भेदांत आहे.

कारखानदार अनेक, म्हणून चढाओढ. चढाओढ म्हणून अँड्रॉइड फोन स्वस्त मिळतो आणि त्याची दुरुस्तीहि गल्लोगल्लीं होते. परंतु याच कारणामुळें सुरक्षिततेच्या सुधारणा सर्व फोनांस सारख्या पोंचत नाहींत. २०२३ च्या पिक्सेल ८ व २०२४ च्या गॅलक्सी एस २४ या फोनांस सात वर्षें सुधारणा देण्याचें वचन आहे. पुष्कळशा स्वस्त फोनांस त्याच्या निम्मेंहि आयुष्य मिळत नाहीं. उलट, २०१८ सालच्या आयफोन एक्सएसला २०२४ ची आयओएस १८ प्रणाली मिळाली.

दुसरा भेद चोरवाटेचा. अँड्रॉइडमध्यें अधिकृत प्ले स्टोअर सोडून बाहेरचें ॲपहि घालतां येतें. बँकेच्या नांवें किंवा लग्नपत्रिकेच्या मिषानें व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाईल धाडून खातें रिकामें करणारे ठग याच वाटेनें शिरतात. आयफोनवर आपल्या देशांत ही वाट सामान्यतः बंद आहे. तथापि आपला यूपीआय पिन आपणच दुसऱ्यास सांगणाऱ्याचें रक्षण कोणतेंहि यंत्र करणार नाहीं. पैसे घेण्यास पिन लागत नाहीं, एवढें तरी प्रत्येक दुकानदारानें ध्यानांत ठेवावें.

नित्याच्या कामांत मात्र दोन्ही सारखेच. २०१६ सालीं सुरू झालेली यूपीआय दोहोंवर चालते. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ सालीं अँड्रॉइडवर व २०१९ सालीं आयफोनवर आलें. तेव्हां ‘धंद्यासाठीं आयफोनच हवा’ असें म्हणून जो कर्ज काढितो, तो धंद्याचें नांव पुढें करून प्रतिष्ठा विकत घेतो.

आणखी एक गोष्ट. एके काळीं ब्लॅकबेरी हें मोठ्या अधिकाऱ्याचें लक्षण मानीत. तिच्या जुन्या प्रणालीची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजीं बंद पडली. प्रणाली येतात आणि जातात. वही टिकली पाहिजे. म्हणून ज्या ॲपांतून आपला हिशेब बाहेर काढतां येत नाहीं तें वापरूं नये, आणि दर महिन्यास त्याची एक प्रत अन्यत्र ठेवावी.

सारांश, सामान्य दुकानदारानें मध्यम किंमतीचा अँड्रॉइड घ्यावा. मात्र किंमतीच्या आधीं ‘सुधारणा किती वर्षें मिळतील?’ हें विचारावें. वकील, डॉक्टर, हिशेबनीस यांच्यापाशीं परक्यांचीं गुपितें असतात. त्यांनीं ऐपत असल्यास आयफोन घेणें इष्ट. विद्यार्थिमित्रहो, उद्यां घरांत फोनाची खरेदी निघाली म्हणजे वडीलधारीं माणसें तुम्हांलाच विचारतील. त्या वेळीं रंग व कॅमेरा यांच्या आधीं हे प्रश्न तुमच्या मुखीं यावेत, इतकीच इच्छा.