पोच घेतल्याशिवाय उठू नका

कोनमधली कितीतरी बाळं दुर्गाडी पुलापलीकडे, कल्याणच्या दवाखान्यात जन्मतात. जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते, म्हणून दाखला कल्याण-डोंबिवली महापालिकेचा. घराचा नमुना ८ चा उतारा मात्र आपल्या ग्रामपंचायतीचा, आणि उत्पन्नाचा दाखला भिवंडी तहसीलचा. एका घराला तीन दारं. चुकीच्या दारात उभं राहिलं की लूमवरच्या माणसाची दिवसाची मजुरी जाते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. त्यातलं नाव, बापाचं नाव आजच नीट वाचून घ्या.

मी स्वतः एका कार्यालयात चार खेपा तोंडीच घातल्या. पाचव्यांदा लेखी अर्ज दिला, पोच मागितली. साहेब आधी वैतागले, मग शिक्का मारला. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात तिकीट नंबर नसलेली तक्रार कुणी धरतच नाही. इथेही तसंच निघालं.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांसाठी अर्ज क्रमांक आणि मुदत लिहिलेली पोच मिळणं हा आपला हक्क आहे. मुदत उलटली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. कारण नसताना टाळाटाळ केलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

जुम्म्यानंतर अर्धा तास काढा. शेजारच्या खालाचा अर्ज 'आपले सरकार'वर भरून द्या, आणि क्रमांक कागदावर लिहून तिच्या हातात ठेवा. मोबाइल काय, तो नातवाकडेच असतो.