अकरा महिन्यांचा शेजार

मोठ्या शहरातील माणूस मुळापासून उखडलेला आणि म्हणून एकाकी असतो, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या कळवळ्याने केले गेले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरजही कोणास वाटेनाशी झाली आहे. मुंबईपुरते बोलायचे तर ते इतिहासाशी जुळत नाही. १९२१ सालच्या खानेसुमारीत या शहरातील शेकडा ८० हून अधिक रहिवाशांनी आपला जन्म मुंबईबाहेर झाल्याचे नोंदविले होते. म्हणजे रस्त्यात सहज गाठ पडणाऱ्या पाच इसमांपैकी निदान चार परगावचे. आणि तरीही लालबाग, परळ, नायगाव, वरळी या पट्ट्यात, ज्याला आपण गिरणगाव म्हणतो तेथे, याच परगावच्या लोकांनी जी घट्ट विणीची वस्ती उभी केली, तिच्या तोडीची वस्ती पुढे या शहरात झाली नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी. उलट आज ज्यांचा जन्म इथल्याच प्रसूतिगृहात झाला, ज्यांचे शाळेचे दाखले इथलेच आहेत, अशी मुले तिशी गाठेपर्यंत चार उपनगरे पालथी घालतात, आणि समोरच्या दारावरील पाटी ओळखीची होण्याच्या आत एक तर ती पाटी बदलते, नाही तर हे स्वतःच हलतात. तेव्हा बाहेरून येणे ही एक गोष्ट आणि रुजू न शकणे ही दुसरी. दुसरीचा दोष पहिलीवर घालून आपण खऱ्या कारणाकडे पाठ फिरवीत आलो आहोत.

जर्मन समाजचिंतक गेओर्ग झिमेल याने १९०३ साली महानगर आणि मानवी मन यांच्या संबंधावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात शहरी मनुष्याच्या अलिप्ततेची मीमांसा मोठ्या सूक्ष्मतेने केली आहे: क्षणोक्षणी आदळणाऱ्या असंख्य संवेदनांपासून बचाव करण्यासाठी मन स्वतःभोवती उदासीनतेचे कवच चढविते, असा त्याचा अभिप्राय. पण तो ज्या बर्लिनमध्ये वाढला, तेथील अनुभव जगातील यच्चयावत् शहरांना लागू करण्याची घाई आपण केली. आपल्या गिरण्यांत भरती होणारा सातारा-रत्नागिरीकडचा गडी एकटा येत नसे. त्याला आणणारा जॉबर बहुधा त्याच्याच गावाकडचा वा नात्यातला असे, उतरण्याची खोली गावकीची असे, आणि पाळ्यांचे वेळापत्रक असे की रात्रपाळीचा कामावर निघाला म्हणजे त्याच्या अंथरुणाच्या जागेवर दिवसपाळीचा येऊन पडे. खाणावळीतल्या बाईला कोणाला भाकरी लागते आणि कोणाला भात, कोण महिन्याचे पैसे वेळेवर देतो आणि कोणाकडे तगादा लावावा लागतो, हे सर्व तोंडपाठ असे. संपाच्या दिवसांत याच बायांनी माणसे उधारीवर जेवू घातली, त्यात कर्जे अंगावर घेतली, आणि त्या ओढग्रस्तीतूनच १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. उधारी हा परस्परविश्वासाचा सर्वांत व्यावहारिक पुरावा असतो. उद्या हा माणूस येथे असेल की नाही याची खात्री नसलेल्या ठिकाणी कोणी कोणाला उधार देत नाही.

या वर्णनाने कोणी भारावून जाऊ नये. गावकीची खोली म्हणजे बहुधा जातीची खोली होती. दलित कामगारांना गिरण्यांच्या विणकाम खात्यात मज्जाव होता, कारण तेथे धोट्यातील धागा ओठांनी ओढावा लागे. हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात ऐरणीवर आणला होता. अशा जगातून बाहेर पडलेल्या मनुष्यास शहरातील अनोळखी गर्दी ही आपत्ती वाटली नसून सुटका वाटली असेल, तर त्यात नवल नाही. लोकलच्या डब्यात खांद्याला खांदा लावून उभा असलेला मनुष्य कोणाचा कोण हे कोणी विचारीत नाही, हे या शहराचे आपल्या समाजावरील थोर उपकार आहेत, आणि मुळांच्या नावाने गळा काढणाऱ्या लेखकांनी ते विसरता कामा नयेत. दुर्दैव असे की आजचे शहर या उपकारांची परतफेड उलट्या मार्गाने करू लागले आहे. भाड्याने घर शोधावयास निघालेल्या तरुणास, आणि त्याहून अधिक एकट्या तरुणीस, आडनाव, आहार आणि धर्म यांची जबानी दलालापुढे आजही द्यावी लागते. म्हणजे गावकीतली चौकशी शिल्लक उरली, आणि त्या चौकशीच्या बदल्यात मिळणारा शेजाराचा आधार मात्र गेला.

आकस्मिक भेट ही शहराची खास देणगी, असे सर्वत्र मानले जाते. परंतु निव्वळ भेटीने काही घडत नाही. मुंबईत दिवसाकाठी हजारो चेहरे डोळ्यांसमोरून जातात आणि त्यांतला एकही रात्री आठवत नाही. योगायोगाचे परिचयात रूपांतर व्हावयाचे तर तोच योगायोग त्याच जागी पुन्हापुन्हा घडावा लागतो. लोकलमध्ये हे कसे घडे, आणि अजूनही काही अंशी घडते, ते पाहण्यासारखे आहे. आठ बत्तीसची गाडी, पुढून तिसरा डबा, खिडकीलगतचा तोच कोपरा: एवढ्या सामग्रीवर प्रथम मान हलविणे, मग डबा ठेवण्यापुरती रॅकवर जागा करून देणे, मग तिघांच्या बाकावर सरकून चौथी सीट देणे, आणि एखादे दिवशी, ‘काय हो, दोन दिवस दिसला नाहीत?’ हा प्रश्न. त्यातून भजनी मंडळे निघाली, दसऱ्याला डबे सजले, बायकांच्या डब्यात हळदीकुंकू होऊ लागले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखविले की नोकरीची खबर जिवलग मित्राकडून येते त्यापेक्षा अशा अर्ध्यामुर्ध्या ओळखीच्या माणसाकडून अधिक वेळा येते, कारण जिवलगांना ठाऊक असते ते आपल्याला आधीच ठाऊक असते. लोकलमधल्या कारकुनास हा सिद्धांत सांगण्याची गरज नव्हती. मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकावयाचा तो गाडीतल्या माणसाजवळच, हे तो जाणून होता. मेट्रो दर काही मिनिटांनी येते, त्यामुळे कोणाची अशी ‘आपली’ गाडी म्हणून उरत नाही. प्रवाशांच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे, आणि तिला विरोध करणे हास्यास्पद ठरेल. पण सोयीबरोबर काय जाते याची नोंद कुठे तरी व्हावी.

गाडीतली ओळख गाडीपुरती असली तरी चालते. घराची गोष्ट निराळी, आणि तेथे दोष यंत्रयुगाचा नाही, कागदाचा आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडेकरू पिढ्यानपिढ्या सुरक्षित झाला, पागडी बोकाळली, मालकाचा दुरुस्तीतला रस संपला आणि इमारती खचू लागल्या. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारान्वये ताब्यात असलेल्या परवानाधारकांना सरकारने एका फटक्यात भाडेकरूचा दर्जा दिला, तेव्हा घर देणाऱ्याच्या मनात जी धास्ती बसली ती आजतागायत गेलेली नाही. अकरा महिन्यांच्या करारनाम्याला आणखी एक जुने निमित्त होते: १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याचा दस्त नोंदविणे सक्तीचे आहे, आणि ती यातायात चुकवावी म्हणून बारावा महिना कापला गेला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ‘लिव्ह अँड लायसन्स’चा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवून हे निमित्त नाहीसे केले, त्याच कायद्याने मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क वसूल करण्याची आणि जलद ताबा मिळविण्याची तरतूद करून मालकाच्या धास्तीवरही औषध दिले. कारणे गेली आणि अकराचा आकडा राहिला. फार तर त्याचे बावीस किंवा तेहतीस होतात.

या आकड्याचे परिणाम आपण मनोविकार म्हणून मोजतो. ज्याला पुढच्या पावसाळ्यात आपण कुठे असू हे ठाऊक नाही, तो वाण्याकडे खाते उघडीत नाही, ग्रंथालयाची वर्गणी भरीत नाही, सोसायटीच्या सभेत त्याला मत नसते आणि मतदारयादीत त्याचे नाव दोन घरांपूर्वीच्या पत्त्यावर असते. त्याच्या बेपर्वाईवर अग्रलेख लिहिण्यापूर्वी त्याचा करारनामा वाचावा. पुनर्वसनातही हीच गफलत होते. विकास खात्याने शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांची खोली सोडून वरळीतील कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या सदनिकांत जाऊ लागली, ही निःसंशय न्यायाची गोष्ट झाली. सामाईक संडासापुढील रांगेचे काव्य करणाऱ्याने त्या रांगेत एकदा उभे राहून पाहावे. पण प्रत्येक मजल्यावरच्या वीस खोल्यांमधून जाणाऱ्या त्या सामाईक बोळाने जे काम फुकट केले, त्यासाठी नव्या मनोऱ्यांच्या नकाशात लिफ्टपुढची चार पावले जागा पुरेशी नाही.

जर्मनीत राहत्या घराचा भाडेकरार सर्वसाधारणपणे बेमुदत असतो आणि तो संपुष्टात आणण्यास मालकाला कायद्याने मान्य असे कारण द्यावे लागते. तेवढी मजल आपण गाठू असे नाही, आणि १९४७ चा अनुभव पाहता लगेच गाठूही नये. परंतु भाडेकरूस निदान तीन वर्षांची हमी, त्याला मात्र रीतसर सूचना देऊन आधी निघण्याची मोकळीक, भाडेवाढीचे प्रमाण करारातच नमूद, आणि मुदतीअंती मालकास आज आहे तोच ताब्याचा अधिकार अबाधित, एवढी दुरुस्ती विधिमंडळाच्या एका अधिवेशनात होण्याजोगी आहे. मालकाचे त्यात नुकसान नाही. उलट घर रिकामे राहण्याचे महिने वाचतात. दर अकरा महिन्यांनी दोन्ही बाजूंकडून मिळणारी दलाली तेवढी घटेल, आणि त्याविरुद्ध आरडाओरडा करण्यास दलाल मंडळी पुरेशी समर्थ आहेत.