शाई, पाणी आणि माणसाचा देह

चित्रकलेच्या तासाला माणूस काढावयास सांगितला, की आमच्या विद्यार्थ्यांची पेन्सिल अडखळते. हात लांब झाला, पाय वाकडा झाला, म्हणून रबर घासून घासून कागदाला भोक पडते. पालकही वही पाहून म्हणतात, "हा माणूस माणसासारखा दिसत नाही!" देह कशासाठी काढावयाचा, हा विचार मात्र क्वचितच कोणी करतो.

इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर जर्मन विमानांचे बाँबहल्ले सुरू झाले आणि हजारो माणसे रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर आसरा घेऊ लागली. मूर यांनी ते दृश्य पाहिले व ते पुनःपुन्हा तेथे जात राहिले. कागदावर ते मेणखडूने आकृती काढीत, त्यावर गडद जलरंग फिरवीत. मेणावर पाणी ठरत नाही; त्यामुळे अंधारातून देह उजळून वर येत. मग शाईच्या रेघांनी त्यांना आकार येई. त्या चित्रांत प्रमाण कोठे कोठे सुटले आहे. भय आणि थकवा मात्र सुटलेला नाही.

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. निजलेल्या, असहाय माणसांसमोर वही उघडून बसणे मूर यांना अनुचित वाटे. ते आडोशाला जाऊन चार शब्द टिपून घेत आणि घरी येऊन आठवणीने चित्र काढीत. देहाच्या अभ्यासाचा पहिला धडा, आमच्या मते, हाच होय. पुढे १९४१-४२ च्या हिवाळ्यात खाणकामगाराच्या या मुलाने कॅसलफर्ड या आपल्या जन्मगावी खाणीत उतरून तेथील श्रमणारे देहही रेखाटले.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने भातलावणी करणाऱ्या आपल्या आईचे चित्र काढले होते. पाठ फारच वाकली होती. वर्ग हसला, आणि आम्हीही तिला ती रेघ सुधारावयास लावली. तिने निमूटपणे सुधारली. चित्र नीटनेटके झाले. पण त्यातली आई नाहीशी झाली. तो दोष आमचा होता, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

विद्यार्थिमित्रहो, शरीराचे प्रमाण अवश्य शिका. त्यावाचून हात तयार होत नाही. परंतु जो माणूस काढावयाचा, त्याला आधी आदराने पाहा. त्याची पाठ श्रमाने वाकली असेल, तर ती कागदावरही वाकू द्या.